ताई बोलताय ना?

फोन वाजला तेव्हा चकाचकराव दाराजवळच्या आरशात बघून मिशीवरून कंगवा फिरवत होते. पलीकडून एका बाईंचा गोड आवाज आला, "ताई बोलताय ना?" चकाचकरावांनी आधी फोनकडे पाहिलं, मग आरशाकडे. आरशात ताई काही दिसल्या नाहीत. दिसली ती मिशी आणि तिच्यात अडकलेला कंगवा.

'राँग नंबर' म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाईंनी आपण शेती खात्यातल्या मॅडम असल्याचं सांगून पेरणी यंत्राच्या अर्जाचा विषय काढला आणि चकाचकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. अर्ज बायकोच्या नावाचा होता. नंबर मात्र त्यांनी स्वतःचा दिला होता, कारण घरात नंबर म्हणून जो काही असतो तो आपलाच, अशी त्यांची समजूत. आणि याच मॅडमनी प्रशिक्षणाच्या बैठकीत बजावलं होतं की ताईंच्या नावापुढे नवऱ्याचा नंबर निघाला तर अर्ज बाद. यंत्र हातचं जातंय म्हटल्यावर त्यांनी डाव्या हाताने मिशी झाकली, गळा आवळला आणि जमेल तितक्या बारीक आवाजात सांगितलं, "हो, मीच."

फोनवर मिशी झाकायची गरज नसते, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

त्यांना चकाचकराव म्हणत ते त्यांच्या शेतावरून. गहू कापून झाला की बाकीचे लोक चार दिवस अंग टाकत, हे मात्र काडेपेटी घेऊन निघत. धसकटं, काड, पाला, जे दिसेल ते पेटवून देत आणि काळ्याभोर राखेत कमरेवर हात ठेवून उभे राहत. शेतात काडीकचरा दिसला की मालक आळशी, असा तिथल्या पुरुषमंडळींचा न्याय होता. ज्याच्या शेतातला धूर उंच त्याची मान उंच. शेतीतली तीन कामं चकाचकरावांनी स्वतःकडे ठेवली होती: पेटवणं, नांगरणीवर देखरेख करणं आणि बांधावर उभं राहून आभाळाकडे बघणं. उरलेलं सगळं त्यांची बायको करी. सगळा शेजार तिला वहिनी म्हणतो, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

वहिनींचं दुःख होतं खालच्या तुकड्याचं. हल्ली पाऊस एकदा येऊन तोंड दाखवून जातो तो पाहुण्यासारखा परत फिरकतच नाही. जळून उघडी पडलेली ती जमीन दोन उन्हांत भेगाळे, पेरलेलं करपे आणि वहिनी पुन्हा वाकून दुसऱ्यांदा पेरत. गेल्या दोन्ही वर्षी असंच करपलं होतं आणि दोन्ही वेळा त्या बांधावर बसून रडल्या होत्या. घरामागच्या भाजीच्या वाफ्यात मात्र त्यांनी गंमत म्हणून काड पसरलं होतं, तर तिथली माती आतून ओली राहिली आणि भाजी तगली. तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं की खालचा तुकडा यंदा पेटवायचा नाही, काड तसंच ठेवून त्यातूनच पेरायचं. यावर चकाचकराव विचारत, "आणि लोक मला काय म्हणतील?" काडेपेटी त्यांच्या खिशात असे, त्यामुळे चर्चा तिथेच संपे.

अशात शेती खात्याने बायकांसाठी एक योजना आणली. तिचं नाव इतकं लांब होतं की फलकावर शेवटचे दोन शब्द उभे लिहावे लागले होते. बदलत्या हवामानात टिकणारी शेती बायकांनी शिकावी, काड न जाळता, न नांगरता पेरणारं यंत्र बायकांच्या नावावर मिळावं, असा तिचा सार होता. बायकांचं प्रशिक्षण ठेवलं होतं भर सकाळी, म्हणजे सगळ्या बायका शेतात असतात तेव्हा. त्यामुळे बायकांच्या वतीने त्यांचे नवरे जाऊन बसले, छातीवर बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या, चहा प्याले, अर्ज भरले आणि परत आले. घरी येऊन चकाचकरावांनी वहिनींना एवढंच सांगितलं की तुझ्या नावावर लाल रंगाचं यंत्र येणार आहे आणि ते अंगणात कुठे उभं करायचं हे मी ठरवलं आहे. काड ठेवायचा भाग त्यांच्या ऐकण्यातच आला नव्हता. त्या वेळी चहा आला होता.

आता फोनवर तोच भाग पुढे आला; काड ठेवणार ना, असं मॅडमनी विचारलं आणि ताईने शब्द देऊन टाकला. मॅडमनी विचारलं की ताई, घरात शेतीचे निर्णय कोण घेतं? इथे 'आमचे हे' म्हटलं तर यंत्र गेलं, हे ओळखण्याइतके चकाचकराव हुशार होते. "मीच घेते," ते बारीक आवाजात म्हणाले, आणि ते जरा कोरडं वाटलं म्हणून नळावर बायका बोलतात ते आठवून त्यांनी भर घातली, "आमच्या ह्यांना त्यातलं काही कळत नाही." मॅडम खूष झाल्या. मग त्यांनी विचारलं की दिवसभर काय काय कामं करता? चकाचकराव म्हणाले, स्वयंपाक. मॅडम म्हणाल्या, आणि? ते म्हणाले, भांडी. मॅडम म्हणाल्या, आणि शेतात? इथे मात्र ताईला एकही काम आठवेना. शेवटी दूध उतू जातंय असं सांगून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी वहिनी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आल्या तेव्हा चकाचकरावांनी अगदी मोकळ्या मनाने विचारलं, "तू दिवसभर करतेस तरी काय?"

वहिनींनी भारा खाली टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी भांडणातच ऐकला होता. त्या आत गेल्या, ताट जरा जोरात मांडलं आणि त्या संध्याकाळी घरात फक्त म्हैस बोलली. चकाचकरावांनी खरोखरच माहिती विचारली होती, हे वहिनींना तेव्हा कळणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बांधावरून आभाळाऐवजी बायकोकडे बघत राहिले. निंदण, पाणी देणं, चारा कापणं, बियाणं निवडणं हे सगळं एकाच बाईच्या हातून होताना पाहून त्यांना स्वतःलाच दमल्यासारखं झालं आणि ते घरी येऊन आडवे झाले.

फोन दर आठवड्याला येऊ लागला. ताई आता सराईत झाली होती. ओसरीवर कुणी ऐकेल म्हणून चकाचकराव फोन घेऊन गोठ्यात जात. आवाज नीट लागावा म्हणून ते खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेत, कारण डोकं उघडं असलं की त्यांचा आवाज आपोआप जाड होई. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायलाही लागलं होतं. त्यांच्याशी आजवर कुणी इतक्या आपुलकीने बोललं नव्हतं. 'ताई, तुम्ही दमत असाल हो,' असं मॅडम म्हणाल्या की बायकोचं काम मोजून सांगताना त्यांना स्वतःचेच डोळे टॉवेलला पुसावे लागत.

पण गोठ्याच्या भिंतीपलीकडे त्यांची आई शेंगा सोलत बसलेली असे. म्हातारीचे डोळे गेले होते, कान मात्र तिखट होते. दोन आठवडे तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात सुनेला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "सूनबाई, गोठ्यात कुणी बाई येते. आपल्या रडकथा सांगते आणि हा मुकाट ऐकून घेतो."

वहिनींच्या हातात विळा होता, तो तसाच घेऊन त्या गोठ्याच्या दाराशी गेल्या. आत बाई नव्हती. डोक्यावर टॉवेलचा पदर घेतलेला, मिशीवाला आपला नवरा म्हशीच्या पाठीला टेकून उभा होता आणि फोनवर सांगत होता, "आमचे हे मनाने वाईट नाहीत हो मॅडम. पण लहान मुलाच्या हाती काडेपेटी असावी तसं आहे बघा. दिसलं की पेटवलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो पुढे म्हणाला, "खालचा तुकडा? छे, छे. त्याला हात लावायचा नाही म्हणून मी त्यांना बजावलंय. बायकांचं दुःख बायकांनाच कळतं."

वहिनी दारातच थांबल्या. आधी त्यांना राग आला. मग हसू आलं, आणि ते पदरात दाबताना डोळ्यांत पाणीही आलं, कारण इतके हंगाम जे त्या बोलत होत्या ते शब्दन् शब्द या माणसाला पाठ होतं. ऐकू येत नव्हतं असं नाही, ऐकायचं नव्हतं. त्या पावलांचा आवाज न करता परत फिरल्या.

सासूबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?"

"आहे आपल्यातलीच एक," वहिनी म्हणाल्या. "येऊ द्या तिला. चांगली बाई आहे."

चकाचकरावांचा बेत वेगळाच होता. यंत्र एकदा अंगणात उभं राहिलं की काडेपेटी बाहेर काढायची. ताईने दिलेला शब्द ताईने पाळावा, आपला काय संबंध, असं त्यांचं गणित होतं. ते सुटतही आलं होतं. पण यंत्र वाटपाच्या समारंभाला दोन दिवस उरले असताना मॅडमचा फोन आला. त्या आनंदाने सांगत होत्या की ताई, तुम्ही इतकं मनापासून बोलता म्हणून मी तुमचे फोन रेकॉर्ड करून ठेवले आहेत, आणि त्यातला एक आपण समारंभात सगळ्यांना लाउडस्पीकरवर ऐकवणार आहोत.

चकाचकरावांची पाचावर धारण बसली. "नको हो," ताई कशीबशी म्हणाली, "मला लाज वाटते."

"लाजायचे दिवस गेले आता, ताई," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. समारंभाच्या सकाळी चकाचकरावांनी लाउडस्पीकरवाल्याला गाठलं आणि बाईचा आवाज सुरू झाला की तार ओढायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. लाउडस्पीकरवाला शब्दाचा पक्का होता. झालं असं की शेती खात्याचे मोठे साहेब भाषणाला उभे राहिले. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते, मागे सतरंजीवर बायका, आणि साहेब बायकांना पुढे आणण्याबद्दल पुरुषांकडे बघून बोलत होते. बोलता बोलता ते भारावले आणि त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. लाउडस्पीकरवाल्याने तार ओढली. साहेब पुढे बराच वेळ नुसते हातवारे करत राहिले. कारण समजल्यावर त्यांनी आपला शिपाई तारेपाशी उभा केला, आणि चकाचकरावांची शेवटची आशा त्या शिपायाच्या बुटाखाली गेली.

मग भोंग्यातून ताई बोलू लागली. "घरातले निर्णय मीच घेते. आमच्या ह्यांना त्यातलं काही कळत नाही." सतरंजीवर हशा पिकला. चकाचकराव खुर्चीत इतके खाली घसरले की मागून फक्त टॉवेल दिसत होता. शेजारच्या खुर्चीवर बिनतारी बसला होता. ऐकलेली बातमी तारेशिवाय चारी दिशांना पोचवतो म्हणून त्याचं नाव बिनतारी. तो आज मात्र गप्प होता. ताई काड, ओलावा, करपलेलं पीक, सगळं मन लावून सांगत होती, आणि चकाचकरावांना वाटायला लागलं की निभावतंय. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये म्हैस अंगावर रेलली. भोंग्यातून एक दणदणीत पुरुषी आवाज आला, "ए, सरक तिकडं." आणि लगेच पुन्हा बारीक, "हं, काय म्हणत होते मी, मॅडम?"

मॅडमचा चेहरा उतरला. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "हा पुरुष कोण?" पहिल्या रांगेतला एकही पुरुष हसला नाही, सगळे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, पण ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. स्टेजच्या बाजूला लाल यंत्र उभं होतं. चकाचकरावांना ते आपल्यापासून मागे मागे सरकताना दिसू लागलं.

सतरंजीवरून वहिनी उठल्या. खुर्च्यांच्या मधून चालत स्टेजवर गेल्या आणि त्यांनी माइक हातात घेतला. "तो माझाच आवाज आहे," त्या म्हणाल्या. "गुरांशी बोलताना असाच लागतो."

साहेबांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, बाई, असा आवाज बाईचा कसा असेल? वहिनींनी एकदा पहिल्या रांगेकडे पाहिलं. शेतात चार बांध ओलांडून म्हशीला हाक मारायची सवय असलेल्या त्या बाईने छाती भरून श्वास घेतला.

"ए, सरक तिकडं."

पहिली अख्खी रांग खुर्च्यांसकट बाजूला सरकली. एक जण तर उभाच राहिला. साहेबांनी चष्मा पुन्हा घातला आणि समाधान झाल्याचं सांगितलं.

वहिनींनी माइक सोडला नाही. "आणि त्यात मी जे बोलले ते सगळं मी पाळणार आहे. खालचा तुकडा पेटवायचा नाही. वरचाही नाही. काडेपेटी आजपासून माझ्याकडे राहील. आमच्या ह्यांचं ह्याला काही म्हणणं असेल तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे यंत्र कुणाच्या नावावर द्यायचं तेही इथेच ठरेल."

सगळ्यांच्या नजरा चकाचकरावांकडे वळल्या. आपल्याच दातांनी आपलेच ओठ चावले गेले होते. ओरडायचं कुणाच्या नावाने? ते उठले. खिशातली काडेपेटी काढून त्यांनी पुढे केली. आपल्या नेहमीच्या भारदस्त आवाजात 'माझं काही म्हणणं नाही' असं सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि घाबरलेल्या गळ्यातून सवयीने ताईच बाहेर पडली, "माझं काही म्हणणं नाही."

"त्यांचा घसा बसलाय," वहिनी माइकवर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. निघताना मॅडम वहिनींशी हात जोडून बोलल्या, मग चकाचकरावांकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "फोन याच नंबरवर करत जाऊ ना, ताई?" खात्याला अहवालात ताया हव्या होत्या. मिशी लिहायला त्यात रकानाच नव्हता.

यंत्र अंगणात उभं राहिलं, पण चकाचकरावांनी ठरवलेल्या जागी नाही. काडातून पेरणी झाली. काडात उंदीर झाले, हे वहिनींना आधी सुचलं नव्हतं आणि त्यापायी त्यांनी बरीच डोकेफोड केली. पण पाऊस नेहमीप्रमाणे दडी मारून बसला तेव्हा खालच्या तुकड्यात बोट खुपसलं की ओल लागायची. एक दिवस कुणी बघत नाही असं पाहून चकाचकरावांनीही बोट खुपसून पाहिलं, आणि मग बराच वेळ ते बोट टॉवेलला पुसत उभे राहिले. त्या वर्षी वहिनींना दुसऱ्यांदा पेरावं लागलं नाही. फोन मात्र अजून चकाचकरावच घेतात. वहिनींना कामातून वेळ नसतो. त्या चुलीपाशी बसून सांगतात आणि ताई गोठ्यातून बोलते. म्हातारीला आता त्या बाईची सवय झाली आहे. एखाद्या आठवड्यात आली नाही तर बरी आहे ना म्हणून विचारते.

परवा बिनतारी यंत्र मागायला आला. यंदा आपणही काड ठेवायचं ठरवलंय, असं खाली बघत म्हणाला. चकाचकरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि अगदी भारदस्त आवाजात सांगितलं, "बसा. घरात विचारून सांगतो." ते आत वळणार तोच बिनतारीच्या खिशातला फोन वाजला. नंबर बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, अंगणात रचलेल्या काडाच्या गंजीमागे गेला, आणि तिथून अगदी नाजूक आवाज आला, "हो मॅडम, मीच बोलतेय."

चकाचकराव जागच्या जागी थबकले. त्यांच्या डोळ्यांसमोर समारंभातली ती पहिली रांग उभी राहिली, खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसलेली. मग ते हळूच गंजीमागे गेले. बिनतारी उघड्या डोक्याने, घामाघूम होऊन, आपण सकाळपासून काय काय केलं ते आठवत उभा होता, आणि त्याचा आवाज मधेच फाटत होता. चकाचकरावांनी आपला टॉवेल काढून त्याच्या डोक्यावर घातला आणि कानाशी लागून म्हणाले, "जरा पुढे ओढा, वहिनी. आवाज बरा लागतो."